तारे तार्‍यांना धडकत नाहीत, मग गॅस गॅसला कसा काय धडकतो?

खानापूरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. बेळगावात बीएस्सी सेकंड इयरला हाय, पुढच्या गुरुवारी सेमिनार हाय आणि टॉपिक मीच हौसेनं घेतलाय, टक्कर होणाऱ्या दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी. आता अडकलोय. सगळीकडं एकच लिहिलेलं असतंय की दोन दीर्घिका एकमेकींतून आरपार गेल्या तरी तारे धडकत नाहीत, कारण मधे जागाच एवढी मोकळी. ठीक. पुढच्याच ओळीत लिहितात की गॅस मात्र धडकतो, दाबला जातो आणि नवे तारे भराभर तयार होतात. आता हा गॅस म्हणजे सरासरी एका घन सेंटिमीटरात एखादा अणू. आमच्या लॅबमधला भांड्यातली हवा काढायचा रोटरी पंप, सुरू केला की टेबल थरथरतंय आणि सगळ्या खोलीत तेलाचा वास, तो अर्धा तास चालवून पण घन सेंटिमीटरात लाखो कोटी रेणू उरतातच. मग त्याच्यापेक्षा कितीतरी रिकाम्या जागेला गॅस तरी कशाला म्हणायचं आणि ती धडकणार तरी कशाला? कुणी विचारलं तर गोची होणार.

नुस्ता_वाचक:
गुरुत्वाकर्षण ओढतंय म्हणून धडकतो. सिंपल. एवढं काय त्यात.

खानापूरचा_पोरगा:
ते तर ताऱ्यांना पण ओढतंय की ओ.

निपाणीची_अक्का:
पोरा प्रश्न बरोबर हाय तुझा. मी बारावीला फिजिक्स शिकवतो, दरवर्षी एखादं तरी पोर इथंच अडतंय.

आधी तारे. सूर्य म्हणजे एक वाटाणा धर. तो बेळगावात ठेवला तर सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा, सव्वाचार प्रकाशवर्षं लांब, तो सरळ रेषेत साताऱ्याच्या आसपास येतो. मधल्या सगळ्या रानात दुसरा वाटाणा नाही. अशी वाटाण्यांची दोन रानं एकमेकांतून नेलीस तर कोण कुणाला आपटणार?

खरं गॅस वाटाण्यासारखा एका जागी गोळा होऊन बसलेला नसतोय, तो रानभर पसरलेला असतोय, धुक्यासारखा. आता तुझा खरा प्रश्न, एवढं विरळ धुकं आरपार का जात नाही. हिशोब कर. घन सेंटिमीटरात एक अणू धरला आणि अणूचा आकार धरला तर एक अणू दुसऱ्याला आपटायच्या आधी मोघम हजार कोटी किलोमीटर जातो. सूर्य-पृथ्वी अंतराच्या साठ-सत्तर पट. तुझ्या पंपाच्या भांड्यात हेच अंतर काही सेंटिमीटर असतंय म्हणून तुला हजार कोटी ऐकून हसू येणार. खरं दीर्घिकेतल्या गॅसची तबकडी शेकडो प्रकाशवर्षं जाड असते आणि एक प्रकाशवर्ष म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. म्हणजे ती पार करायला गेलेला अणू लाखो वेळा आपटणार. पंपाच्या भांड्याचं माप दीर्घिकेला लावलंस तिथं घोळ झाला.

आणि वेग बघ. दीर्घिका सेकंदाला दोनशे-तीनशे किलोमीटरनं एकमेकींत घुसतात. त्या गॅसमधे आवाजाचा वेग दहा किलोमीटरच्या घरात, थंड ढगात तर एकाच्या पण आत. पुढं काय येतंय ही खबर गॅसला लागायच्या आत धडक बसलेली असते, म्हणून शॉक वेव्ह, म्हणजे एकदम दाबाची लाट, उठते. गॅस तापतो आणि ती उष्णता प्रकाश, इन्फ्रारेड अशी बाहेर टाकून थंड होतो, दाटतो. ताऱ्यांना हे जमत नाही, त्यांची हालचालीची ऊर्जा त्यांच्यापाशीच राहते, ते इकडून तिकडं फिरत बसतात. गॅसची गेलेली ऊर्जा परत येत नाही, फिरकी पण कमी होते, मग तो केंद्राकडं घसरत जातो. आर्प २२० नावाची दीर्घिका बघ, दोन दीर्घिका मिसळून झालेली, २५ कोटी प्रकाशवर्षांवर. गॅस सगळा मधे कोंबलाय, तारे दणादण बनलेत, आणि धुळीमुळं बहुतेक उजेड इन्फ्रारेडमधेच बाहेर येतोय.

पुणेरी_५१:
अक्का की दादा? ‘शिकवतो’ लिहिलंय म्हणून विचारलं, राग नसावा.

निपाणीची_अक्का:
अक्काच. आमच्याकडं बायका पण ‘मी जातो, मी करतो’ असंच म्हणतात की ओ. चालू द्या.

जांबोटी_दुर्बीण:
अक्कांनी भारी सांगितलं. मी आपला मिरवणुकीनं समजावतो. शिवजयंतीच्या चित्ररथाला बेळगावात दोन गल्ल्यांच्या मिरवणुका चौकात समोरासमोर आल्या की माणसं खांद्याला खांदा लावून एकमेकांतून निघून जातात, गुलाल मात्र चौकातच लटकत राहतो. दोन मंडळं निघून गेली तरी मधे लाल ढग. अशी दीर्घिकांची खरी जोडी हाय, यूजीसी १२९१४ आणि १२९१५, उत्तरा भाद्रपदेच्या ताऱ्यांजवळ. समोरासमोर आरपार गेल्या, तारे आपापल्या घरी, मधे गॅसचा पूल. रेडिओच्या चित्रात तो पूल गुऱ्हाळावर गरम गुळाचा गोळा दोन्ही हातांनी ओढल्यासारखा दिसतो, म्हणून टॅफी म्हणतात तिला.

निपाणीची_अक्का:
मिरवणूक आवडली, खरं गुलाल तापत नाही, गॅस तापतो, तेवढं सेमिनारला सांग. आणि टॅफीचीच गंमत, पुलात गॅस भरपूर हाय खरं तारे त्या मानानं लई कमी. गॅस एवढा घुसळलेला हाय की निवांत गोळा व्हायला त्याला सवडच नाही. म्हणजे ‘गॅस धडकला की तारे झालेच’ असं सरसकट लिहू नको स्लाइडवर. उलटं उदाहरण हस्त नक्षत्रातली अँटेना जोडी, एनजीसी ४०३८ आणि ४०३९. दोन केंद्रांच्या मधे जिथं तबकड्या एकमेकींवर चढल्यात तिथं साध्या फोटोत धुळीनं काळं दिसतंय, आणि इन्फ्रारेडमधे तीच जागा सगळ्यात जास्त पेटलेली.

जांबोटी_दुर्बीण:
एम ८१-एम ८२ ही दीर्घिकांची जोडी पण टाक रे. सप्तर्षीच्या पुढच्या अंगाला. दुर्बिणीत दोन वेगळे ठिपके, एक गोलसर, एक काडीसारखा, बघणाऱ्याला वाटतंय ओळखपाळख काही नाही. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर रेडिओ लहरीत बघितलं तर दोन्ही, आणि शेजारची एनजीसी ३०७७, गॅसच्या दोऱ्यांनी बांधलेल्या. दीर्घिकेतला हायड्रोजन ताऱ्यांच्या बाहेरपर्यंत पसरलेला असतो, म्हणून शेजारणीच्या ओढीत, चंद्रानं समुद्राला भरती येते तशी, तोच पहिला ओढला जातो. ह्या लहरी ऐकणारी मोठी दुर्बीण आपल्या जवळच हाय, नारायणगावजवळ खोडदला, ४५ मीटरच्या ३० डिश. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला लोकांना आत सोडतात, मी दोनदा जाऊन आलोय, डिशच्या खाली उभं राहिलं की मान दुखते.

एम ५१ ही पण अशीच जोडी, मी जांबोटीत आठ इंची दुर्बिणीतनं दाखवतो, मरीचीजवळ, एप्रिलात. दोन धुरकट डागच दिसतात, फोटोसारखे हात-बित नाहीत. शहरातले पाहुणे दरवेळी हिरमुसतात.

खानापूरचा_पोरगा:
आणि आपली आकाशगंगा? शेजारची देवयानी दीर्घिका येऊन धडकणार म्हणतात.

निपाणीची_अक्का:
ती २५ लाख प्रकाशवर्षांवर हाय आणि सेकंदाला ११० किलोमीटरनं जवळ येतेय हे खरं. खरं २०२५ मधे नव्यानं हिशोब केला तेव्हा पुढच्या हजार कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता निम्मीच निघाली. त्यापेक्षा आत्ता चालू असलेलं सांग की. मॅगेलनचे ढग म्हणजे आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका, त्यांच्यातून ओढलेला हायड्रोजनचा पट्टा आपल्या आकाशात शंभर अंशांहून लांब पसरलाय, डोळ्याला दिसत नाही, रेडिओतच सापडतो. मोठा ढग आपल्या इथनं दक्षिणेला जेमतेम पाच अंश वर येतो, धुरळ्यात काही दिसत नाही, खरं दिशा तरी दाखवता येईल.

खानापूरचा_पोरगा:
अपडेट, सेमिनार झाला. अक्का, दुर्बीणकाका, लई थँक्स. प्रोजेक्टर तिसऱ्या स्लाइडला बंद पडला, मग फळ्यावर बेळगाव-सातारा काढून खडूनं दोन वाटाणे काढले आणि त्यावरच निभावलं. हजार कोटीचा हिशोब पाठ करून गेलतो, तो प्रश्न कुणीच विचारला नाही. मागच्या बाकावरनं एकानं विचारलं, सातारा सरळ रेषेत किती किलोमीटर.