रीडिंगच्या वहीतली चित्रं: अनुभव धागा

मला टाइप वन मधुमेह होऊन एकोणीस वर्षं झाली. डोस, आहार, व्यायाम यांवर बोलणारे पुष्कळ भेटतात. पण ज्या आजारासोबत चोवीस तास राहायचं, तो आपल्या हातून कसा उमटतो, हे कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. चित्र, कविता, विणकाम, सूर, काहीही चालेल. सुंदरच असायला हवं अशी अट नाही. सुरुवात मी करते.

गेल्या वर्षी मी रोजची रीडिंग्ज, म्हणजे रक्तातल्या साखरेचे आकडे, कापडावर भरायला घेतली. दिवसातून चार वेळा बोट टोचायचं, तेवढेच चार टाके. साखर ७० ते १८०च्या आत असेल तर हिरवा, वर गेली तर पिवळा, ७०च्या खाली लाल. साधा धावदोरा. दोन महिन्यांनी कापड हातभर लांब धरलं आणि दिसलं की लाल टाके एकाच रांगेत दाटलेत, पहाटेच्या. आकडे वहीतही तेच होते, पण वही उघडली की मला फक्त माझ्या चुका दिसायच्या. कापड डॉक्टरांपुढे पसरलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि रात्रीचा डोस कमी केला.

त्या कापडात एका जागी नऊ ओळी कोऱ्या आहेत. बाबा अतिदक्षता विभागात होते, तेव्हा मी एकदाही तपासलं नाही. ‘अंदाजाने भरून टाक, नक्षी तुटतेय,’ असं मैत्रीण म्हणाली. नाही भरल्या. कापड उलटं केलं की मात्र दोरा त्या कोऱ्या जागेवरून सरळ पुढे गेलेला दिसतो.

*

मी बासरी वाजवतो. माझा सेन्सर, म्हणजे दंडावर चिकटवलेलं साखर मोजणारं छोटं यंत्र, दर पाच मिनिटांनी आकडा देतो, म्हणजे दिवसाचे २८८. एका वाईट रात्रीचा आलेख समोर ठेवून वाजवून पाहिला. साखर वर गेली की सूर चढा, उतरली की खाली. जिथे ती झपाट्याने घसरली होती, तिथे सूर इतके भराभर उतरतात की श्वास पुरत नाही. साखर ‘लो’ होते म्हणजे नेमकं काय होतं, हे मी घरच्यांना वर्षानुवर्षं सांगत होतो. त्या संध्याकाळी बायकोने ऐकलं आणि म्हणाली, ‘इतकं अचानक?’

*

माझं थोडं वेगळं आहे, संधिवात. बोटं वळत नाहीत, म्हणून बारीक ब्रश सुटला. वर्षभर रंगांना हात लावला नाही. मग फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांच्याबद्दल वाचलं. १९४१च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा बराच वेळ अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत जायचा, तेव्हा त्यांनी रंगवलेले कागद कात्रीने कापून चित्रं केली. मला कात्रीही झेपत नाही. मी कागद फाडते. फाटलेल्या कडेला जी पांढरी लव राहते ना, ती कुठल्याच ब्रशने येत नाही.

*

मधुमेहाने उजव्या डोळ्यात रक्तस्राव झाला. समोर काळं कोळिष्टक तरंगायचं. रक्त हळूहळू शोषलं जाईल असं डॉक्टर म्हणाले होते, पण वाट बघणं फार जड गेलं. म्हणून जे दिसतंय ते रोज शाईने काढत गेलो. एकवीस चित्रं झाली. शेवटचा कागद जवळजवळ कोरा आहे. तोच भिंतीवर लावलाय.

*

एक विनंती. साखर तपासायच्या वापरलेल्या पट्ट्या जोडून मोझाइक चित्रं मी करते, पण त्यांवर रक्त असतं. फक्त स्वतःच्याच घ्या आणि वर रेझिनचा थर द्या. सुया चित्रात नकोतच. त्या जाड, बंद डब्यातच जाऊ द्या.

आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं: १९२१मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लावणाऱ्यांपैकी फ्रेडरिक बँटिंग स्वतः चित्रं काढायचे. १९२७मध्ये ते ए. वाय. जॅक्सन या चित्रकारासोबत आर्क्टिकला रेखाटनं करायला गेले होते. रोज इन्सुलिनच्या पेनची सुई लावताना मला तो बर्फ आठवतो.

*

मी स्वतः काही करत नाही, माझी आठ वर्षांची लेक करते. सेन्सर लावल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने घरातल्या सगळ्यांचं चित्र काढलं. आजी, बाबा, मी, प्रत्येकाच्या दंडावर पांढरा गोल. तिच्या दंडावर मात्र काहीच नव्हतं. विसरलीस का, असं विचारलं. तिने बाही वर केली, ‘माझा खरा आहे की,’ म्हणाली, आणि पुन्हा रंगवायला लागली.