डब्ल्यूएसएलमध्ये ऑकला शेवटच्या कॉलममधला ‘ओके’ सापडत नाही

उद्यमनगर_क्यूसी:
उद्यमनगरातल्या फाउंड्रीची रोजची सीएसव्ही आहे: हीट नंबर (धातूच्या एका वितळणीचा क्रमांक), तारीख, ग्रेड, वजन, निकाल. विंडोजवर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, आत उबुंटू. पाचव्या कॉलममध्ये ‘ओके’ असलेल्या ओळी ऑकने (कॉलमनुसार मजकूर गाळणारी कमांड) मोजल्या की उत्तर ० येतं. ग्रेडवर गाळलं तर बरोबर येतं. हीट नंबर, निकाल, वजन या क्रमाने छापलं तर वजन ओळीच्या सुरुवातीला हीट नंबरवरच उमटतं. नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्टही ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून अडते.

रंकाळा_टर्मिनल:
भावा, दोन्हीचं मूळ एकच. विंडोज ओळ संपवताना १३ आणि १० असे दोन बाइट टाकतं, युनिक्सला फक्त १० लागतो. उरलेला १३, म्हणजे कॅरेज रिटर्न, शेवटच्या कॉलमला चिकटतो. ऑक ‘ओके’शी ताडून बघतं तेव्हा तिथं ‘ओके’ अधिक एक न दिसणारं अक्षर असतं. मधले कॉलम म्हणूनच सुटतात. वजन मागे जातं तेही त्यामुळेच, कर्सर ओळीच्या सुरुवातीला परततो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत स्क्रिप्ट चालवणाऱ्या ‘बॅश’ प्रोग्रामचं नाव असतं, त्याला तोच बाइट चिकटलाय.

आधी खात्री कर: फाइल दाखवणाऱ्या कॅट कमांडला कॅपिटल ‘ए’चा पर्याय देऊन फाइल बघ. ओळीअखेर नुसता $ हवा, ^एम$ दिसलं तर हेच दुखणं, ^एम म्हणजे तो कॅरेज रिटर्न. मग अक्षरं बदलणाऱ्या-काढणाऱ्या टीआर कमांडला ‘डी’ पर्याय देऊन कॅरेज रिटर्न काढ, पण आउटपुट वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये घे. त्याच फाइलवर वळवलंस तर टीआर वाचायच्या आधीच शेल (तुझ्या कमांड चालवणारा प्रोग्राम) ती रिकामी करतं आणि डेटा जातो.

उद्यमनगर_क्यूसी:
^एम$ होतं. काढल्यावर मोजणी जुळली, स्क्रिप्टही चालली. पण एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह केलेल्या फाइलमध्ये पहिल्या कॉलमचं शीर्षक ‘हीट’शी जुळत नाही.

शिरोली_शेल:
तो बीओएम, म्हणजे बाइट ऑर्डर मार्क ही न दिसणारी खूण. एक्सेल त्या प्रकारात फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइट घालतं, म्हणून फक्त पहिल्या ओळीचा पहिला कॉलम बिघडतो. टीआरने कॅरेज रिटर्न काढलात तरी ते तसेच राहतात. डॉसटूयुनिक्स ही कमांड वापरा, नावात ‘टू’च्या जागी आकडा 2. उबुंटूच्या एपीटीने इन्स्टॉल होतं, मूळ फाइलच दुरुस्त करतं आणि बीओएमही काढतं.

स्क्रिप्ट गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) असेल तर गिटअॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये शेल स्क्रिप्टांसाठी ‘ईओएल’ची (ओळीचा शेवट) किंमत ‘एलएफ’ (नुसता १०) ठेवा. नाहीतर ‘ऑटोसीआरएलएफ’ (ओळीअखेर आपोआप १३ घालणारी गिटची सेटिंग) चालू असलेल्या विंडोज मशीनवर नव्याने क्लोन केलं की तोच १३ परत येतो.