मदत हवी आहे : सुशी रोलचा हिशेब कसा धरावा?
सुट्टीला सांगलीत आलेली माझी लेक घरीच काकडी-गाजराचे सुशी रोल (समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या भाताच्या जपानी वळकट्या) करते. परवा तिने चिकट भातात व्हिनेगरबरोबर साखर आणि मीठ कालवलेले पाहिले, तेव्हा मधुमेह असलेल्या सासूबाईंच्या ताटात हे वाढावे की नाही, असा प्रश्न मला पडला. १०० ग्रॅम शिजलेल्या पांढऱ्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. पण आठ तुकड्यांच्या एका रोलमध्ये भात नेमका किती धरावा? सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणून ती वाटी मी बाजूलाच ठेवली (सासूबाईंनी तिच्याऐवजी ठेचा मागितला, तो भाग वेगळा). शिवाय नोरी या समुद्री शेवाळात आयोडीन असल्याने, थायरॉईडची गोळी घेणाऱ्या मी ते किती खावे, हेही आहारशास्त्राच्या जाणकारांनी कृपया सांगावे.