मदत हवी आहे : नवा हँडहेल्ड पीसी पॉवर बँकेवर चार्ज होत नाही

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)
विंडोज ११ असलेला सात इंची हँडहेल्ड पीसी नुकताच घेतला असून सोबत टाइप-सी हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा जोड), ब्लूटूथ कीबोर्ड आणि २०,००० एमएएचची पॉवर बँकही घेतली आहे. यंत्र हातात नीट बसते आणि पडदा स्वच्छ आहे. अक्षरे मात्र बारीक दिसतात आणि काम वाढले की पंखा बराच आवाज करतो, पण त्याबद्दल तक्रार नाही. अडचण अशी की पॉवर बँक जोडल्यावर चार्जिंगची खूण दिसते, तरीही बॅटरीचे टक्के उतरतच राहतात. पावसाळ्यात आमच्याकडे वीज तासन्‌तास नसते, म्हणून तर हा खटाटोप केला. दुकानदार म्हणतो, पॉवर बँकेवर फोन चार्ज होतो म्हणजे ती चांगली आहे. पतसंस्थेचे काम खोळंबले आहे; कृपया लवकर सांगावे.

राजहंसगड
यंत्रासोबतचा चार्जर किती वॉटचा आहे, पॉवर बँक किती वॉटची आहे आणि दोन्हींच्या मधे हब लावता की नाही, हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

निपाणी नाका
माझे स्पष्ट मत असे की पतसंस्थेच्या हिशेबाला सात इंचांचा पडदा पुरत नाही. मी कोल्हापुरातून वापरलेला लॅपटॉप घेतला, तो आजही उत्तम चालतो.

राजहंसगड
प्रश्न विजेचा आहे, खरेदीचा नाही. याच बँकेवर आपला लॅपटॉपही असाच रडेल.

तिसरी गल्ली, शहापूर
कीबोर्डबद्दल सांगतो. आपल्या भागात मराठी आणि कन्नड दोन्ही लिहावे लागते, म्हणून इनस्क्रिप्टच (भारतीय लिप्यांसाठीची कळांची प्रमाण मांडणी) घ्यावा. दोन्ही लिप्यांत क, त, र यांच्या कळा त्याच जागी असतात, त्यामुळे बोटांना एकदाच शिकवावे लागते. विंडोज आणि स्पेस या कळा एकत्र दाबल्या की भाषा बदलते. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य हवा असेल, तर शिफ्ट धरून जे, मग डी आणि मग तिरकी रेघ दाबावी.

मलप्रभाकाठ
टंकनाचा प्रश्न मी विचारलेलाच नाही; इनस्क्रिप्ट मला येते. चार्जर ६५ वॉटचा, बँक २२.५ वॉटची. हब लावतोच, नाहीतर पेन ड्राइव्ह कुठे लावणार? बँकेची केबल तिच्यासोबत आलेलीच वापरतो.

घाटमाथा
त्या केबलचे बँकेकडचे टोक रुंद आणि चपटे आहे की दोन्ही टोके सारखीच आहेत?

मलप्रभाकाठ
रुंद आहे. त्याने काय फरक पडतो?

घाटमाथा
सगळा फरक तिथेच आहे. रुंद टोक म्हणजे यूएसबी-ए. संगणकाला जास्त व्होल्टेज मागून घेता येते ती पॉवर डिलिव्हरीची पद्धत त्या पोर्टवर मिळत नाही. २२.५ वॉट हा आकडा ठरावीक फोनांच्या जलद चार्जिंगपुरता असतो; आपल्या यंत्राला तिथून ५ व्होल्टवर जेमतेम दहा-बारा वॉट मिळत असतील आणि त्यातला वाटा हबही खातो. काम करताना असे यंत्र वीस-पंचवीस वॉट सहज ओढते, मग टक्के उतरणारच. हब काढून, दोन्ही टोके टाइप-सी असलेली केबल बँकेच्या टाइप-सी पोर्टला लावून पाहावी आणि त्या पोर्टचे आकडे बँकेच्या पाठीवर वाचावेत.

निपाणी नाका
एवढे करण्यापेक्षा घरी इन्व्हर्टर बसवावा.

राजहंसगड
इन्व्हर्टर घेऊन ते वसुलीला वाड्या-वस्त्यांवर कसे जातील?

मलप्रभाकाठ
केबल बदलून पाहिली. टक्के आता जागेवर थांबतात, पण वाढत नाहीत. पाठीवर टाइप-सी पोर्टसमोर ९ व्होल्ट, २ अँपिअर लिहिले आहे. म्हणजे बँक बदलावीच लागणार का?

घाटमाथा
ते १८ वॉट झाले. यंत्र स्लीपमध्ये ठेवून किंवा बंद करून चार्ज केल्यास या बँकेवरही बॅटरी भरायला हवी. २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४ वॉट-तास साठा असतो, त्यातला काही भाग रूपांतरात जातो. काम करता करता भरायचे असेल, तर ४५ वॉट किंवा त्याहून अधिक पॉवर डिलिव्हरी देणारीच बँक घ्यावी. खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर विसंबू नये. टाइप-सी पोर्टपुढचा आकडा वाचावा आणि दुकानातच स्वतःचे यंत्र जोडून पाहावे.

मलप्रभाकाठ
आभारी आहे. शनिवारी बेळगावला खडेबाजारात जाणार आहे, यंत्र सोबत नेतो.

निपाणी नाका
जुनी बँक विकणार असाल तर कळवावे, मला फोनसाठी हवीच आहे. लॅपटॉपबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.