मदत हवी आहे: वेल्डशेजारी केसासारखे तडे

मंडळी, वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. माइल्ड स्टीलची एक टाकी दुरुस्तीला आलीय, आत गरम कॅल्शियम नायट्रेट असायचं. धुऊन डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा लाल रंग) मारलं, तर वेल्डच्या कडेला लाल, फांद्या फुटलेल्या रेषा उमटल्या. पत्र्याची जाडी मात्र जशीच्या तशी!

मुलगी इथेच एम. एस. युनिव्हर्सिटीत मेटलर्जी शिकते. म्हणाली, "बाबा, हे तर सव्हाना रिव्हरसारखं." अमेरिकेतल्या या अणुप्रकल्पात किरणोत्सारी कचऱ्याच्या कार्बन स्टील टाक्यांनाही असेच तडे गेले होते. कारण नायट्रेट, आणि वेल्डिंगनंतर पोलादात उरलेला ताण. नंतरच्या टाक्या त्यांनी वेल्डिंग झाल्यावर तापवून ताणमुक्त केल्या. शिवाय तडे रोखायला कचऱ्यात कॉस्टिक सोडा आणि नायट्राइटचं प्रमाण राखलं.

आमच्याकडे कॉस्टिक घातलं तर चुन्याचा साका बसेल, म्हणजे तो उपाय बाद. टाकी भट्टीत मावत नाही. तडे खोदून, नवा वेल्ड भरून, त्याच्याभोवतीच हीटिंग पॅड लावून ६०० अंशांच्या आसपास धरलं तर चालेल का? तापवायचा पट्टा किती रुंद घ्यावा? त्या पट्ट्याच्या कडेला नवाच ताण बसायची भीती वाटते. नुसतं घासून वर वेल्ड मारा म्हणू नका, आधी कुणीतरी तेच केलेलं दिसतंय.