बेपत्ता 'झाला' की बेपत्ता 'आहे'?

पेठकरी:
मंडळी, प्रश्न साधाय पण दोन दिवस डोकं खातोय. मुलीच्या कॉलेजात युद्धात गेलेल्या पत्रकारांवर छोटं प्रदर्शन आहे, मराठी मजकूर माझ्या गळ्यात पडला. लिहिला, अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका फ्लेक्सवाल्याकडे दिला. संध्याकाळी प्रूफ बघायला गेलो तर त्या पोराने प्रत्येक नावाआधी 'कै.' टाकलेलं. दानिश सिद्दीकी कै., रॉबर्ट कापा कै.! त्याचा तरी काय दोष, दिवसभर भावपूर्ण श्रद्धांजलीचेच फ्लेक्स करतो, फोटो आला की बोटं आपोआप कै. टाइप करतात. ते काढायला लावलं, पण शॉन फ्लिनपाशी मीच अडकलो. ६ एप्रिल १९७० ला तो आणि डेना स्टोन असे दोघं फोटोग्राफर कंबोडियात मोटरसायकलवरून निघाले, नाक्यावर पकडले गेले, पुढे ठावठिकाणा नाही. मी लिहिलेलं 'बेपत्ता झाला'. बायकोने वाचलं आणि म्हणाली, झाला म्हटलं की विषय संपवल्यासारखं वाटतं. बरं 'बेपत्ता आहे' लिहावं तर पन्नासच्या वर वर्षं उलटलीत, आहे कसं म्हणायचं?

शनिवारकर:
अहो पेठेत राहून हे विचारता? १७६१ ला पानिपतावरून भाऊ परत आले नाहीत, पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत वैधव्य मानलं नाही. त्यांच्या लेखी भाऊ 'आहेत'च. आणि जिथे मरणाची पक्की खात्री पटत नाही तिथे तोतया उगवतो, तसा उगवलाच, त्याला १७७६ मध्ये देहदंड दिला तेव्हा कुठे ते प्रकरण मिटलं. पत्रातसुद्धा 'दोन मोत्यें गळाली' असं लिहिलं, सरळ मेले म्हणायची जीभ रेटली नाही. थोडक्यात काय, 'आहे' हे घरच्यांचं क्रियापद आणि 'झाला' हे दप्तराचं.

कोर्टकचेरी:
दप्तराचं म्हणाल तर त्याचीही मुदत ठरलेलीये. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १०८ होतं, सात वर्षं ज्यांना खबर मिळायला हवी त्यांना माणसाची काहीच खबर नाही मिळाली तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायचं ओझं जिवंत म्हणणाऱ्यावर. नव्या कायद्यातही ती सात वर्षं तशीच आहेत. फ्लिनच्या आईने तर १४ वर्षं शोधाशोध करून १९८४ मध्ये कोर्टाकडून मृत घोषित करून घेतलं. कायद्याने 'होता' झाला, पण कुठे गेला ते अजून कळलेलं नाही.

प्रुफवाला:
शब्दाकडे या की. बे फारसी, पत्ता आपल्याकडचा. हिंदीवाले लापता म्हणतात, ला अरबी. आपण बेवारस, ते लावारिस. (लाचार मात्र आपण तसाच घेतला, तो आपल्याला फार आवडला असावा.) माझी तक्रार वेगळीये. बेपत्ता या शब्दात कर्ताच नाही. माणूस स्वतःच कुठेतरी गेला आणि पत्ता ठेवून जायचं विसरला असं वाटतं, घरातून रागावून गेलेल्या पोराच्या जाहिरातीत ठीकाय. पण ढाक्यात १० डिसेंबर १९७१ ला 'इत्तेफाक' या दैनिकाच्या सिराजुद्दीन हुसेन यांना घरातून उचलून नेलं, परत आलेच नाहीत. त्यांना बेपत्ता लिहिलं की उचलणारा सुटला. तिथे सरळ 'पळवून नेलं' लिहा. फ्लिनचंही तेच, पकडले गेले हे माहितीये तर आधी ते येऊ द्या.

पेठकरी:
प्रुफवाले, हे पटलं. मग फ्रेड नेराकचं काय करू? २२ मार्च २००३, इराकमध्ये बसराजवळ गोळीबारात सापडलेली ब्रिटिश टीव्हीची टीम, टेरी लॉइड आणि दुभाषा हुसेन ओस्मान मारले गेले, कॅमेरामन नेराकचा मृतदेहच मिळाला नाही. त्याला कुणी पळवलं असंही म्हणता येत नाही.

प्रुफवाला:
तिथे बेपत्ताच. तो शब्द तिथे प्रामाणिक आहे.

कर्वेरोडची_ताई:
आणि बाकीच्यांना प्लीज 'शहीद' लिहू नका हं दादा, व्हॉट्सअॅपवर सगळेच शहीद होतात हल्ली.

शनिवारकर:
ताई थांबा, उलटं आहे. शहीद आणि शहादत, अरबीत दोन्हींच्या मुळाशी साक्षच आहे, साक्ष देणारा तो शहीद. पत्रकाराला याहून जवळचा शब्द कुठला? धारातीर्थीला तलवारीची धार लागते, वीरमरणाला लढावं लागतं, हुतात्म्यात आहुती आहे. आणि दानिश सिद्दीकी १६ जुलै २०२१ ला अफगाणिस्तानातल्या स्पिन बोल्डकमध्ये गेले ते हातात कॅमेरा घेऊन.

कर्वेरोडची_ताई:
मूळ कितीही छान असू दे, पुण्यात फ्लेक्सवर शहीद वाचलं की लोकांच्या डोळ्यासमोर जवानच येणार, कोशातला अर्थ चौकात कोण बघतंय. 'मारले गेले' लिहा. कर्त्याची जागा त्यात निदान रिकामी तरी दिसते.

प्रुफवाला:
+१. अवांतर: बातमीदार हा शब्द आधी हेराकडेच जास्त झुकलेला, बातमी काढणारा तो. पकडलेल्या पत्रकारावर पहिला आरोप हेरगिरीचाच होतो, शब्दाला बिचाऱ्याला जुनी सवय. आणि वार्ताहरातला 'हर' अन् अपहरणातलं 'हरण' एकाच धातूचे, हृ.

पेठकरी:
हे आधी माहीत असतं तर वार्ताहर लिहिताना हात थबकला असता. असो, आज दुकानात जाऊन बदल केले. सिद्दीकी, कापा, लॉइड, ओस्मान: 'मारले गेले'. फ्लिन आणि स्टोन: 'पकडले गेले, अद्याप बेपत्ता आहेत'. नेराक: 'अद्याप बेपत्ता आहे'. पोरगा म्हणाला काका, १९७० चं आहे ना, 'आहेत'? म्हटलं राहू दे. पण फ्लिनची ओळ काही मावेना, फॉन्ट बारीक करायला तो तयार नव्हता, म्हणून 'अद्याप' काढलंय. उद्या अकराला प्रिंट.