‘ग्रुनवाल्डची लढाई’: जिंकलेला राजा चित्रात कोपऱ्यात का?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या नोकरीनिमित्त वॉर्सात आहे. परवा इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात पोलिश चित्रकार यान मातेइकोचं ‘ग्रुनवाल्डची लढाई’ पाहिलं. १८७८ सालचं तैलचित्र, सव्वाचार मीटर उंच आणि जवळजवळ दहा मीटर रुंद. समोर उभं राहिलं तर एका नजरेत मावत नाही, मागे सरकावं तर माणसांचे चेहरे हरवतात.

१५ जुलै १४१० रोजी पोलंड आणि लिथुआनियाच्या फौजांनी मिळून ट्यूटॉनिक ऑर्डरचा, म्हणजे प्रशियात राज्य करणाऱ्या जर्मन धर्मयोद्ध्यांचा, पुरता मोड केला, ती ही लढाई. माझे पोलिश सहकारी या चित्राबद्दल फार आपुलकीने बोलतात. पण मला एक कोडं पडलंय. पोलंडचा राजा यागिएलो चित्रात शोधावा लागतो. तो उजवीकडे वर, टेकडीवर, अगदी लहानसा आहे. मधोमध लाल कपड्यातला घोडेस्वार आहे तो लिथुआनियाचा राज्यकर्ता वितोल्द. आणि शत्रूच्या सेनापतीला मारणारे दोघे तर सरदारसुद्धा दिसत नाहीत. पोलिश राष्ट्राभिमानाचं म्हणून जे चित्र ओळखलं जातं, ते असं का रंगवलं असेल?

रेखाकला

तुमच्या शहरात ते चित्र रोज बघायला मिळतं याचा हेवा वाटतो! मी शाळेत चित्रकला शिकवायचे. लेकीकडे वॉर्साला गेले होते तेव्हा जावयांनी मला तिथल्या बाकावर बसवलं आणि ते कॉफीला गेले. मी तिथून उठलेच नाही.

आधी साल बघा. मातेइकोने चित्र हाती घेतलं १८७२ मध्ये. १७७२ ला पोलंडची पहिली फाळणी झाली, १७९५ ला तिसरी, आणि रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया या तिघांनी मिळून तो देश नकाशावरून पुसून टाकला. पोलिशांचा १८६३ चा उठाव रशियाने चिरडला. मातेइकोचे भाऊ त्यात लढले. स्वतः त्याची नजर अधू, म्हणून त्याने हत्यारं पोचवायचं काम केलं. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य उभं राहिलं आणि बिस्मार्कच्या राजवटीत पोलिश भाषेची शाळांमधून हकालपट्टी सुरू झाली. मातेइकोचं शहर क्राकूव ऑस्ट्रियाकडे होतं, तिथे थोडी मोकळीक होती, म्हणून हे चित्र तिथे होऊ शकलं.

आता राजा. ज्या लोकांना राजा नाही, दरबार नाही, सैन्य नाही, त्यांच्यासाठी हा माणूस रंगवतोय. सिंहासनावरचा विजयी राजा मधोमध ठेवला असता तर बघणाऱ्याला काय मिळालं असतं? मातेइकोने मध्यभाग दिला तो जो स्वतः गर्दीत घुसलाय त्याला. वितोल्दच्या अंगात तांबडाभडक अंगरखा, डोक्यावर शिरस्त्राणाऐवजी टोपी. एका हातात उगारलेली तलवार, दुसऱ्या हातात ढाल, दोन्ही हात फाकलेले. त्या करड्या-तपकिरी लोखंडी गर्दीत तेवढाच एक लाल डाग पेटतो आणि नजर दुसरीकडे जातच नाही.

त्याच्या डावीकडे ऑर्डरचा प्रमुख उल्रिख फॉन युंगिंगेन. पांढऱ्या झग्यावर काळा क्रूस, डोळे विस्फारलेले. त्याच्यावर चालून आलेल्या दोघांपैकी एकाने जनावराचं कातडं पांघरलंय आणि भाला रोखलाय, दुसऱ्याच्या डोक्याला लाल टोपडं, हातात कुऱ्हाड. एवढ्या उंची चिलखतांच्या मेळ्यात सेनापतीला संपवतायत ती पायी लढणारी माणसं! हे सहज सुचलेलं नाही. १८६३ च्या उठावात खेड्यापाड्यांतला बराचसा शेतकरी दूर राहिला, ही जखम ताजी होती. राष्ट्र फक्त सरदारांचं नाही, हे मातेइको इथे रंगाने सांगतोय असं मी ठामपणे मानते.

आणि हे रंगवणारा कोण? बाप चेक, आई अर्धी जर्मन वंशाची. पोलंडला त्याचा भूतकाळ दाखवणारा चित्रकार असा मिश्र घरातला. राजा यागिएलोही जन्माने लिथुआनियाचा, वितोल्दचा चुलत भाऊ. म्हणून मला हे चित्र ‘आम्ही विरुद्ध ते’ एवढंच वाटत नाही. रक्त कुठलंही असो, त्या दिवशी या बाजूला कोण उभं राहिलं, ते आपलं.

बखरवाला

रेखाताई, चित्राचं वर्णन आवडलं, पण इतिहास म्हणून मला काही गोष्टी खटकतात. चिलखतं आणि हत्यारं एका काळातली नाहीत, वेगवेगळ्या शतकांतली एकत्र आलीत. शिवाय १४१० मध्ये ‘पोलिश विरुद्ध जर्मन’ असा सरळ सामना नव्हताच. ऑर्डरच्या बाजूने श्चेचिनचा काझिमिएझ आणि ओलेश्नित्साचा कोन्राड हे स्लाव्ह घराण्यांतले राजपुत्र लढले. यागिएलोच्या बाजूला चेक भाडोत्री, रुथेनियन (म्हणजे आजच्या युक्रेन-बेलारूसकडचे), तातार होते. एकोणिसाव्या शतकाने आपलं भांडण पंधराव्यावर लादलं. आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली. ऑगस्ट १९१४ मध्ये पूर्व प्रशियात रशियनांना हरवल्यावर जर्मनांनी त्या लढाईला मुद्दाम टॅनेनबर्ग म्हटलं, कारण १४१० चा पराभव जर्मनीत त्याच नावाने सलत होता. चित्रं असं खतपाणी घालतात.

रेखाकला

दादा, चिलखतांचं म्हणणं मान्य. पण काझिमिएझ चित्रात आहे की! मातेइकोने त्याला लपवलं नाही, लढताना दाखवलंय. आणि आकाशात अंधुक दिसणारे पोलंडचे रक्षक संत स्टानिस्लाव काय, टेकडीवरचा राजा काय, दोन्ही पंधराव्या शतकातला पोलिश इतिहासकार यान द्वुगोश याच्या इतिवृत्तातून आलेत. द्वुगोशचा बाप त्या लढाईत होता. राजावर एक जर्मन सरदार चालून गेला आणि नि:शस्त्र चिटणीस ओलेश्नित्स्कीने मोडक्या भाल्याने त्याला पाडलं, तो प्रसंगही राजाजवळ आहे. म्हणजे राजा मागे आहे, तो इतिहासाला धरूनच.

चित्राचा पुढे शस्त्रासारखा वापर झाला हे खरं. पण चित्रच नष्ट करायला निघाले ते कोण, हेही बघायला हवं. सप्टेंबर १९३९ मध्ये ते वॉर्साहून लुब्लिनला हलवलं. ते घेऊन गेलेले दोघे तिथल्या बॉम्बहल्ल्यात मारले गेले. पुढे गुंडाळी करून ते जमिनीखाली पुरलं. नाझींनी आधी वीस लाख, मग एक कोटी मार्कांचं बक्षीस लावलं. ज्यांना जागा माहीत होती त्यांच्यापैकी एकानेही तोंड उघडलं नाही. ऑक्टोबर १९४४ मध्ये चित्र वर काढलं तेव्हा कापड ओलीने खराब झालं होतं, आणि दुरुस्तीला वर्षं लागली. उपाशी माणसांनी एक कोटी नाकारले, दादा. नुसत्या प्रचारासाठी माणूस एवढं सोसत नाही.

पंचगंगाकाठ

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. १९४३ ते ४८ आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते, आता तिथे गांधीनगर आहे. आजी त्यांच्याबद्दल सांगायची. त्यांच्या मुलांसाठी पोलिश शाळा होत्या. म्हणजे वळिवड्यात ती पोरं आपल्या भाषेत शिकत होती तेव्हा हे चित्र लुब्लिनमध्ये मातीखाली होतं. हे दोन्ही मी आजवर कधी एकत्र धरलंच नव्हतं.

शिळाछाप

थोडं बाजूचं, पण राहवत नाही. १८७८ हेच साल पुण्यात चित्रशाळा छापखान्याचं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी तो काढला आणि रामपंचायतनाबरोबर शिवाजी महाराज, पेशवे, नाना फडणवीस यांची छापील चित्रं घराघरांत गेली. तिकडे बत्तीस फुटी कापड, इकडे भिंतीवर खिळ्याला टांगायचा कागद. राज्य गेलेल्या दोन समाजांनी एकाच वर्षी चित्राचा आधार घेतला. आपल्याकडे मात्र चेहरे आले, लढाईचा गदारोळ फारसा आला नाही. यावर कुणी अभ्यास केला असेल तर वाचायला आवडेल.

पंचगंगाकाठ

शिळाछाप, यासाठी वेगळा धागा काढाच. ताई, पुढच्या महिन्यात क्राकूवला जातोय. तिथे काय बघू?

रेखाकला

फ्लोरियान्स्का रस्त्यावरचं मातेइकोचं घर आधी बघा. तो तिथेच जन्मला, १८९३ मध्ये तिथेच वारला, आता ते संग्रहालय आहे. त्याने गोळा केलेली जुनी हत्यारं आणि कपडे बघितलेत की ग्रुनवाल्डमधल्या एकेका बक्कलाचा उगम कळेल. आणि कधी रोमला गेलात तर व्हॅटिकनच्या संग्रहालयात सिस्टिन चॅपेलच्या घाईत सोबिएस्कीचं दालन चुकवू नका. पोलंडचा राजा सोबिएस्की याने व्हिएन्नाला तुर्कांवर मिळवलेल्या विजयाला दोनशे वर्षं झाली म्हणून १८८३ मध्ये मातेइकोने तिथलं त्याचं चित्र पोलिश राष्ट्राच्या वतीने पोप लिओ तेरावे यांना दिलं. तिथे राजा घोड्यावर बसून पोपसाठी पत्र देतोय, आणि तिथे तो चित्राच्या मधोमध आहे. युरोपला दाखवायचं होतं तेव्हा राजा पुढे आणला, घरच्यांसाठी रंगवलं तेव्हा मागे ठेवला, असं मला वाटतं. दोन्ही बघून तुमचं मत इथे नक्की लिहा.